आकडा मशीन देतं, मग इतके महिने कसले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लॅबबाहेरचं कुणीही भेटलं की हे येतंच, हिमोग्लोबिन तर बोटाला टोचून मिनिटात कळतं, त्याची मेथड बसवायला तुम्हाला महिनेच्या महिने कसे लागले?

तर आम्ही मोजत होतो ते हिमोग्लोबिन वेगळं. लाल पेशींच्या आतलं नाही, पेशी फुटून बाहेर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवात, सांडलेलं. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त घुसळलं गेलं, किंवा चुकीच्या गटाचं रक्त चढलं, की ते वाढतं. अख्ख्या रक्तात डेसिलिटरला साधारण 12 ते 16 ग्रॅम आणि धडधाकट माणसाच्या प्लाझ्मात जेमतेम काही मिलिग्रॅम, त्यामुळे रक्त काढताना हजारातली एक पेशी जरी फुटली ना, तरी आकडा वीसेक मिलिग्रॅमने वर जातो आणि चांगला माणूस कागदावर आजारी होतो.

मशीनचं काम त्यामानाने सोपं. हिमोग्लोबिन 415 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, तिथे वाचायचं, शिवाय 380 आणि 450 ला वाचून मागचा गढूळपणा वजा करायचा. हार्बो यांची 1959 ची पद्धत, अजून चालते. लिनिॲरिटी (प्रमाण वाढेल तसा आकडा वाढणं) आणि रिकव्हरी (जितकं मिसळलं तितकं मोजणीत परत मिळणं) छान आली. कावीळवाल्या सॅम्पलमध्ये बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, त्याच पट्ट्यात लुडबुड करतं, म्हणून ते मुद्दाम मिसळून बघितलं, तेही निभावलं.

अडलं कुठे, तर एकाच माणसाच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन ट्यूब जुळेनात. आधी पिपेटवर संशय, मग क्युवेटवर (सॅम्पल ठेवून प्रकाश सोडतात ती छोटी डबी), मग (खरं सांगायचं तर) एकमेकींवर. शेवटी रक्त घेतात तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा दिसलं, एक ट्यूब आपोआप भरत होती आणि दुसरीत सिरिंजमधलं रक्त बारीक सुईतूनच जोरात दाबून सोडलं जात होतं. आणि दुसरी चूक आमचीच, प्लाझ्मा एकदाच सेंट्रिफ्यूज करून (गरगर फिरवून, पेशी तळाला बसवून) फ्रीजरला टाकायचो, त्यात राहिलेल्या चुकार पेशी गोठून फुटायच्या, काल 4 आलेलं सॅम्पल आज 19! आता दोनदा फिरवतो, वरचा प्लाझ्मा वेगळा काढतो, मगच गोठवतो.

आमच्या मेथडच्या कागदात स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे त्या प्रकाश मोजणाऱ्या मशीनला, अर्धं पान आहे आणि सुई, ट्यूब, वाहतूक, सेंट्रिफ्यूज यांना तीन. नवीन आलेली मुलं ती तीन पानं सोडून थेट अर्ध्या पानावर जातात, मीही तेच केलं असतं म्हणा.