लघवीच्या बाटल्या आणि भिशीची चिठ्ठी

मी नोकरी काय करते हे आमच्या नातेवाइकांत अजून कुणालाच नीट कळलेलं नाहीये. पुण्यात बसून औषधांच्या ट्रायल्सचा डेटा साफ करते, बस. कुठल्यातरी देशातल्या कुणाचंतरी बीपी, वजन, रक्त, आणि ते आकडे माझ्या स्क्रीनवर.

नवीन लागले तेव्हा सरावाला एक खोटा डेटासेट दिला होता, कोकेन सोडवायच्या औषधाच्या ट्रायलचा. आठवड्यातून तीनदा लघवी तपासायची, कोकेन सापडलं की १, नाही सापडलं की ०. मी मस्त टेबल बनवलं, औषध भारी चाललंय असं दिसत होतं, आणि सर मागे येऊन उभे राहिले. "रिकाम्या जागा कुठे गेल्या?" म्हटलं काढून टाकल्या सर, सॅम्पलच आलं नाहीये त्यांचं. तर म्हणाले, "अगं, जो रात्री ओढून बसलाय तो सकाळी बाटली भरून द्यायला येईल का?" अशा ट्रायलमध्ये न आलेलं सॅम्पल बहुतेक वेळा पॉझिटिव्हच धरतात. परत चालवलं, औषध गेलं बाराच्या भावात.

तेव्हापासून या विषयाचं जे दिसेल ते वाचते, आणि गंमत म्हणजे खऱ्या ट्रायल्समध्येही जवळजवळ हेच होत आलंय. हेरॉइनवाल्याला मेथाडोन आहे, सिगरेटवाल्याला पॅच आहे, दारूला दोन-तीन गोळ्या आहेत. कोकेनला अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं औषध आजपर्यंत एकही नाही. डिप्रेशनचं डेसिप्रामिन, फिटसाठीचं टोपिरामेट, झोप उडवणारं मोडाफिनिल, सगळं देऊन झालं, एका ट्रायलमध्ये जरा आशा दिसते आणि पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये विरून जाते. त्यात कोकेनचं कामच आडमुठं. मेंदूत सुटलेलं डोपामिन (मजा वाटायला लावणारं रसायन) परत आत ओढून घेणारा एक पंप असतो, कोकेन त्या पंपातच बोळा घालतं. बोळा बसू नये म्हणून तुम्ही तिथे औषध बसवायला जाता तर तेही पंप अडवायला लागतं.

डायसल्फिरामसुद्धा देऊन पाहिलं, आणि ते नाव वाचून मी दचकलेच. कारण ही आमच्या मामाची गोळी. दारू प्यायली की तोंड लाल, धडधड, उलट्या, ती. मामी ती कुटून आमटीत घालायची, मामाला न सांगता. (प्लीज कुणी करू नका हे, जीव जाऊ शकतो. मामाला एकदा ॲडमिट करावं लागलं तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं.) ९० च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ती कोकेन आणि दारू दोन्ही घेणाऱ्यांना दिली, हिशोब सरळ होता, दारू सुटली तर कोकेनही कमी होईल. कोकेन कमी झालंही, आणि नंतर दारू न पिणाऱ्यांतही थोडा फरक दिसला, कारण ही गोळी डोपामिनपासून नॉरॲड्रेनालिन हे दुसरं रसायन बनवणारं एन्झाइमही अडवते. मग पुढचे निकाल एकाला एक जुळेनात आणि तीही गाडी तिथेच अडली.

लसीची गोष्ट तर मी ऑफिसात निम्म्या लोकांना सांगून झालीये. थॉमस कोस्टेन हे अमेरिकेतले संशोधक आणि त्यांच्या मंडळींनी कोकेनसारखा रेणू कॉलऱ्याच्या टॉक्सिनच्या एका निरुपद्रवी तुकड्याला चिकटवला, म्हणजे शरीर कोकेनविरुद्ध अँटिबॉडी बनवेल आणि कोकेन रक्तातच अडकेल, मेंदूपर्यंत पोचणारच नाही. कल्पना एक नंबर. २००९ साली ११५ जणांचे निकाल आले, पाच इंजेक्शनं घेऊनसुद्धा पुरेशा अँटिबॉडी फक्त ३८ टक्के लोकांत तयार झाल्या, आणि त्यांच्या स्वच्छ, म्हणजे कोकेन न सापडलेल्या, सॅम्पलचं प्रमाण ४५ टक्के, बाकीच्यांचं ३५. पुढे ३०० जणांच्या ट्रायलमध्ये तेवढंही टिकलं नाही. आणि काही जणांनी काय केलं, तर नशा चढत नाही म्हणून कोकेनच वाढवलं! नेहमी दिसतं त्याच्या दहापट कोकेन काहींच्या शरीरात सापडलं, दुसऱ्या-तिसऱ्या विक्रेत्याकडून माल घेऊन बघितला, खिसे रिकामे केले, हे कोस्टेन यांनीच तेव्हा सांगितलं होतं. दार लावलं पण तलफ घरातच होती ना.

मग चाललं काय? तर बक्षीस.

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातले संशोधक स्टीफन हिगिन्स यांची पद्धत अशी, की पहिल्या स्वच्छ सॅम्पलला अडीच डॉलरचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येकाला सव्वा डॉलर जास्त, लागोपाठ तीन स्वच्छ दिली की वर १० डॉलर, आणि एक जरी पॉझिटिव्ह आलं किंवा दिलंच नाही तर परत अडीचवर. मी एक्सेलमध्ये बेरीज केली, १२ आठवडे एकदाही न घसरलेल्याला ९९७.५० डॉलर. रोख नाही हं, वस्तू. लोकांनी स्कीइंगचे पास घेतले, मासेमारीचं लायसन्स, सायकलचं सामान. १९९३ च्या त्यांच्या ट्रायलमध्ये माणसं फक्त ३८, पण २४ आठवडे टिकलेले ५८ टक्के, नेहमीच्या समुपदेशनात ११.

हे महाग पडतं म्हणून कनेटिकट राज्यातल्या संशोधक नॅन्सी पेट्री यांनी काढला चिठ्ठ्यांचा बाऊल. ५०० चिठ्ठ्या. २५० वर नुसतं शाब्बास, २०९ वर डॉलरभराची वस्तू, ४० वर वीसेक डॉलरची, आणि एकच जंबो, टीव्ही वगैरे. स्वच्छ सॅम्पल दिलं की हात घालायचा, जितके आठवडे स्वच्छ तितक्या जास्त चिठ्ठ्या. म्हणजे आपली भिशीच की! ४१५ जणांची मोठी ट्रायल झाली २००५ मध्ये, शेवटपर्यंत राहिले ४९ टक्के, बाऊल नसलेल्या गटात ३५. आता ४९ म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण मला त्या रिकाम्या जागा आठवतात.

हे मी आईला उत्साहाने सांगितलं. ती भिशीच्याच वहीत नावं लिहीत बसली होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "नशा न करायचे पैसे? मग मी जन्मात केली नाही, माझे किती झाले?"

खरं सांगू, अख्खी अमेरिका वर्षानुवर्षं हेच म्हणत आलीये. शिवाय पेशंटला पैसे देणं म्हणजे गिऱ्हाईक ओढण्यासाठी लाच, असा कायद्याचा बडगा, त्यामुळे बरीच केंद्रं वर्षाला ७५ डॉलरच्या वर जायला घाबरायची, आणि तेवढ्या पैशांत हा परिणाम येत नाही. बक्षीस थांबलं की परिणाम ओसरतो असंही म्हणतात, ते खरं आहे, पण बीपीची गोळी थांबवली की बीपीही चढतंच, तेव्हा कुणी गोळीला नावं ठेवत नाही. लसीवर करोडो घालायला कुणाची ना नव्हती आणि २० डॉलरच्या वस्तूसाठी हात आखडता, हे मला अजून पटत नाही. फक्त तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांनी २०११ पासून हे सुरू केलं, कँटीनची कुपनं देतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यातून सुरू केलं, वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर.

५९९ च का, तर ६०० झाले की टॅक्सचा फॉर्म काढावा लागायचा. हे मात्र आईला लगेच पटलं.