मम्मी को तो नहीं बताओगे ना?

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं, की मुलं हळूच विचारतात, "मॅम, मम्मी को तो नहीं बताओगे ना?" घरी अस्खलित मराठी बोलणारी आमची इंदूरची मुलंसुद्धा शाळेत हिंदीतच बोलतात.

समुपदेशक म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही. लैंगिक अत्याचार तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवावाच लागतो. हे आधीच सांगितलं की मुलं बिचकत नाहीत, उलट मोकळी होतात.

नववीतली एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. घरच्यांनी ठरवलं, नाटकं करते. माझ्यासमोर बसून ती पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत राहायची. पट्ट्या काढायची आणि त्या मांडीवर सरळ लावून ठेवायची. बोलायची नाही. मीही घाई केली नाही. मग एकदा मान वर न करताच म्हणाली, क्लासमध्ये सोमवारी टेस्टचे मार्क मोठ्याने वाचतात, वरून खालपर्यंत. तिचं नाव शेवटी यायचं. पोटदुखी खरीच होती.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासेसच्या जिन्यांवरून उतरणाऱ्या मुलांचे चेहरे पाहते, तेव्हा या सूचना प्रत्येक क्लासच्या दारावर लावाव्यात असं मनापासून वाटतं.

त्या मुलीचे बाबा आले. "मी बाप आहे, मला कळायला नको?" त्यांच्या आवाजात राग कमी होता, भीती जास्त. अशा वेळी आईवडिलांना दारातून परत पाठवणं मला पटत नाही. पण मुलीच्या पाठीमागे तिचं बोलणं त्यांच्या हाती देणंही पटत नाही. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस थांबा, तीच सांगेल. मग तिला काय सांगायचंय ते आम्ही दोघींनी कागदावर लिहून काढलं. तिने ते माझ्यासमोर वाचून दाखवलं. बाबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. याचं श्रेय त्यांचंच. क्लास बदलला. पोटदुखी लगेच थांबली नाही, महिना-दीड महिना गेला.

शाळांना माझी एकच विनंती आहे. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून ठेवू नका. तिथे शिरणारं पोर सगळ्यांना दिसतं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात बोभाटा होतो. वाचनालयाच्या बाजूची एखादी खोली द्या. आणि आमच्या तासांना आम्हाला गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर, प्रॉक्सीला, पाठवू नका. मूल हिंमत करून येतं आणि दाराला कुलूप दिसतं.

शाळा सुटल्यावर, रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत. मुलांच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून द्या. आईवडिलांनीही स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, तो त्यांच्यासाठीही आहे.