म्हणजे पेव!

"मुलगा काय करतो?" असं शेजारणीनं विचारलं की आमची आई म्हणते, "घरीच असतो." मग जरा थांबून, "कॉम्प्युटरवर." लग्नाच्या बाजारात त्या थांबण्याची काय किंमत होते, ते मला विचारा.

मी सांगलीतल्या दुकानदारांना वेबसाईट करून देतो. बेदाणेवाले, भडंगवाले, विश्रामबागेतले एक दातांचे डॉक्टर. साईट करणं सोपं, मजकूर मिळवणं कठीण. "उद्या देतो की" म्हणता म्हणता तीन महिने जातात आणि शेवटी छापखान्यातली जुनी फाईल येते, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेली. ती साईटवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा यांची भेळ होते. मग मी बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही स्क्रीनवर नीट दिसेल असं, परत टाईप करतो. त्याचे वेगळे पैसे मागायचं धाडस अजून झालेलं नाही.

खरी परीक्षा वर्षातून एकदा, साईटच्या नूतनीकरणाची. परवा मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर गेलो. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. नव्या हळदीचा हंगाम, सौद्यांची गडबड. दहा मिनिटांत माझ्या शर्टाची कॉलर पिवळी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग मिळाला, तेव्हा अण्णांनी तो साईटवर ठळक टाकायला रात्री अकराला फोन केला होता. बिल मात्र त्यांनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं.

"गेल्या वर्षी दिलं होतं की ओ."

"डोमेन, होस्टिंग दरवर्षी असतं, अण्णा."

"गवंडी घर बांधून गेल्यावर दरवर्षी पैसं मागायला येतो व्हय?"

मी सांगितलं, की डोमेन म्हणजे साईटचं नाव, ते कायमचं विकत मिळत नाही. फार तर एकदम दहा वर्षांचं भरता येतं. साईट दुसऱ्याच्या मशीनवर असते, त्या जागेचं वेगळं. अण्णा हमालाला काहीतरी ओरडले, मग माझ्याकडं वळले.

"म्हणजे पेव!"

सांगलीजवळच्या हरिपुरातली ती जमिनीतली पेवं. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट मोठं. हळद आत वर्षानुवर्षं टिकायची. "आजोबा भाडं भरायचे. माल डोळ्याला दिसायचा न्हाई, पण भाडं चुकायचं न्हाई." मी इतकी वर्षं लोकांना सर्व्हर समजावतोय आणि हे मला सुचलं नव्हतं, याचा थोडा रागच आला.

"आणि पाणी शिरलं तर?"

२००५ च्या महापुरानं हरिपूरच्या पेवांची दैना केली. इथला माणूस हा प्रश्न उगाच विचारत नाही.

"एक कॉपी रोज रात्री दुसरीकडं जाते, अण्णा."

"कुठं?"

"मुंबईला."

"तिथं तर दर पावसाळ्यात तुंबतंय की!"

यावर मी चहा प्यायलो. अण्णांनी मोबाईल काढून क्यूआर मारला. बिल साडेचार हजारांचं होतं, आले चार हजार.