आमची वाटचाल : केफिरचे दाणे आणि आमची तक्रारवही

आमच्या व्यवसायाची सुरुवात चार चमचे दाण्यांनी झाली. एका स्नेह्यांनी काचेच्या लहान बरणीत घालून दिलेले वॉटर केफिरचे ते दाणे तुरटीच्या बारीक खड्यांसारखे दिसत होते: अर्धपारदर्शक, कंगोरेदार आणि बोटांत दाबले असता चटकन तुटणारे. साखरेच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवले की हे दाणे त्या पाण्याचे किंचित आंबट, जिभेवर हलकेच चुरचुरणारे पेय करतात आणि गाळून काढल्यावर पुढच्या पाण्यात पुन्हा कामाला लागतात. मानवले तर ते वाढतही जातात. आमच्याकडे ते इतके वाढले, की आधी ओळखीच्यांना वाटले, मग त्यांच्या ओळखीच्यांना दिले आणि मागणारे अनोळखी असू लागले तेव्हा पाकिटे करून विकायला सुरुवात केली. आज आमच्याकडे मी, माझी पत्नी आणि एक सहकारी अशी तीन माणसे काम करतात. दाणे, ते सुरू करण्याचे साहित्य आणि सल्ला एवढेच आम्ही देतो. तयार पेय विकत नाही. त्यामागचे कारण पुढे येईलच.

विकायला लागलो तेव्हा हा दाणा म्हणजे नेमके काय, याची आम्हाला पुसट कल्पना होती. तक्रारी येऊ लागल्यावर आम्ही वाचायला बसलो. दाणा हे बी नसून डेक्स्ट्रान नावाच्या बहुशर्करेचे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे, घर आहे आणि त्या घरात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू, यीस्ट आणि थोडे ॲसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू एकत्र नांदतात. हॅरी मार्शल वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1892 मध्ये अशाच एका विरजणाचा, म्हणजे आल्याचे पेय आंबवणाऱ्या दाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात यीस्ट व जीवाणू यांची भागीदारी असल्याचे दाखवले. ही माहिती आम्हाला फार उपयोगी पडली, कारण ग्राहकांच्या बहुतेक अडचणी म्हणजे या भागीदारीतला एक भागीदार उपाशी राहिल्याची किंवा दुसरा शिरजोर झाल्याची लक्षणे असतात, हे त्यानंतर उमगले.

पहिली गंभीर तक्रार एका वयस्कर बाईंची होती. “अहो, तुमचे दाणे काही जगले नाहीत हो,” असे त्या फोनवर म्हणाल्या. मी क्षमा मागून नवे दाणे पाठवले. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच फोन आला. या वेळी मी विचारले, “काकू, पेय आंबट होते का?” ते होत होते, बुडबुडेही येत होते, फक्त दाणे तसूभरही वाढत नव्हते. म्हणजे दाणे मेलेले नव्हते. मग पाण्याची चौकशी केली, तेव्हा त्या ज्या यंत्राचे पाणी वापरत होत्या त्यातून क्षारही जवळजवळ पूर्ण निघून जात होते, असे कळले.

त्याच रात्री आम्ही दोन बरण्या लावल्या. दोन्हींत 1 लिटर पाणी, 60 ग्रॅम साखर आणि गाळणीत निथळवून काट्यावर तोललेले 60 ग्रॅम दाणे घातले. एकीत क्षार काढलेले पाणी होते आणि दुसरीत नेहमीचे क्षारयुक्त. तिसऱ्या फेरीनंतर दाणे पुन्हा निथळवून तोलले, तेव्हा दुसऱ्या बरणीतले दाणे डोळ्यांना दिसावेत इतके वाढले होते आणि पहिलीतले होते तिथेच होते. याचे कारण नुसत्या पोषणात नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तयार होणाऱ्या आम्लाला काही काळ थोपवून धरतात. ते नसले तर आंबटपणा लवकर चढतो, आणि पाणी फार आम्ल झाले की दाणा बांधण्याचे काम मंदावते, जरी पेय तयार होत राहिले तरी. त्या काकूंना आम्ही लिटरमागे चिमूटभर अपरिष्कृत मीठ आणि पाव चमचा काकवी घालायला सांगितले. महिन्याभरात त्यांचा फोन आला, तो वाढलेले दाणे ठेवायला मोठी बरणी कोणती घ्यावी हे विचारायला. तेव्हापासून आम्ही तक्रारवही ठेवू लागलो आणि तिच्या पहिल्या रकान्याचे नाव ‘पाणी’ असे ठेवले.

पाण्याचा दुसरा प्रश्न क्लोरीनचा. जंतू मारण्यासाठी पाण्यात घातलेले क्लोरीन आपल्या बरणीतल्या जंतूंना वगळत नाही. असे पाणी उघड्या भांड्यात 24 तास ठेवले किंवा उकळून पूर्ण निववले तर साधे क्लोरीन निघून जाते. काही ठिकाणी मात्र क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते नुसते ठेवून जात नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा योग्य फिल्टर किंवा थोडे क जीवनसत्त्व लागते. हा फरक आमच्या पहिल्या माहितीपत्रकात नव्हता, आणि त्यामुळे ज्यांनी आमचे ऐकून पाणी इमानाने रात्रभर उघडे ठेवले त्यांचेही दाणे सुस्त राहिले.

काकवीच्या सल्ल्याने मात्र एक नवेच संकट उभे केले आणि त्यात चूक सर्वस्वी आमची होती. ‘दाण्यांना खनिजे द्या’ असे पत्रकात मोघम लिहिल्यामुळे लोकांनी काकवी, सुके अंजीर, खाण्याचा सोडा आणि अंड्याचे कवच असे सगळे एकाच बरणीत घातले. मग तक्रारी आल्या, की दाणे बोटांत कुस्करले जातात आणि पेय ओतताना तार सुटते. एका ग्राहकाने बरणीच पाठवून दिली होती. चमचा उचलला की त्यामागे पाकासारखा लांब धागा निघत होता आणि तुटेपर्यंत चांगलाच ताणला जात होता. तो धागा म्हणजे दाण्यात बसण्याऐवजी पाण्यात सुटलेली बहुशर्करा. पेय बिघडले असा त्याचा अर्थ नाही, पण ते कोणाला प्यावेसे वाटणार नाही. आम्ही ते दाणे क्लोरीनविरहित पाण्यात एकदा हलक्या हाताने धुतले, सगळी पूरक खनिजे बंद केली आणि फक्त साखर व कणभर मीठ घालून 24 तासांच्या छोट्या फेऱ्या लावल्या. सहाव्या फेरीला पेय पातळ झाले आणि दाणे पुन्हा टणक वाटू लागले. आता आमच्या पत्रकात पूरक खनिज एका वेळी एकच आणि तेही दाणे मंदावल्यावरच द्यावे, असे ठळक अक्षरांत छापलेले असते. धडधाकट दाण्यांना रोज औषध पाजण्याचे कारण नाही.

साखरेबद्दल आम्हाला सर्वाधिक समजावून सांगावे लागते. आरोग्याच्या काळजीपोटी साखर निम्मी करणारे, तिच्याऐवजी मध किंवा स्टीव्हिया घालणारे ग्राहक पुष्कळ असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण साधी साखर, म्हणजे सुक्रोज, ही इथे केवळ गोडीसाठी नाही. दाण्यांतले जीवाणू सुक्रोजमधल्या ग्लुकोजची साखळी गुंफून डेक्स्ट्रान बनवतात, त्यामुळे सुक्रोज मिळाले नाही तर त्यांना घर बांधायला विटाच उरत नाहीत. स्टीव्हियावर सूक्ष्मजीव जगत नाहीत आणि मधात स्वतःचेच जंतुविरोधी गुण असतात. त्याच वेळी, आंबवल्यावर साखर सगळी नाहीशी होते असा दावा आम्ही कधीही केलेला नाही. बरीच कमी होते, काही उरते आणि थोडे अल्कोहोलही तयार होते. मधुमेह असलेल्यांना आणि अल्कोहोल पूर्ण टाळणाऱ्यांना हे विकण्याआधीच सांगायचे, असा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे आणि त्यापायी काही विक्री सोडावी लागली तर ती आम्ही सोडतो.

याच ठिकाणी एका लहानशा चुकीचाही उल्लेख करतो, कारण ती फार जण करतात: साखर लवकर विरघळावी म्हणून कढत पाणी घेतात आणि ते कोमट असतानाच दाणे सोडतात. पाणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय दाण्यांना हात लावू नये. 20 ते 28 अंश सेल्सिअस ही त्यांची सुखाची पातळी आहे. त्याखाली ते आळसावतात आणि 48 तास लागतात. वर गेल्यास एका दिवसातच काम उरकते आणि पेय लक्ष न देता तसेच ठेवले तर व्हिनेगरकडे झुकते.

आता तयार पेयाची गोष्ट. दुसऱ्या वर्षी आम्ही दाणे गाळून काढलेल्या पेयात फळांचा रस घालून ते बाटल्यांत भरून विकू लागलो होतो. दाणे काढले तरी यीस्ट पेयात राहतेच, रसातली साखर त्याला मिळते आणि बंद बाटलीत कर्बवायू साठून पेयाला छान फेस येतो. बुडबुडे येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना आम्ही हाच मार्ग सांगतो: झाकण घट्ट बसणारी बाटली, थोडा रस, एक-दोन दिवस उबेत आणि मग शीतपेटीत, कारण थंड द्रवात वायू अधिक विरघळून राहतो. परंतु त्या वर्षी एका उकाड्याच्या रात्री आमच्या फळीवरची एक चौकोनी शोभेची बाटली फुटली. आवाजाने आम्ही दोघे धावत गेलो, तेव्हा शेजारच्या दोन बाटल्याही तिच्याबरोबर गेल्या होत्या आणि बोटभर लांबीचा एक काचेचा तुकडा फळीच्या लाकडी कडेत रुतून उभा होता. खोलीत कोणी नव्हते, हे नशीब. त्या फळीसमोर दिवसभर आमचा सहकारी उभा राहून काम करत असे.

त्या तुकड्याकडे पाहून आम्ही तयार पेय विकणे थांबवले. जिवंत पेय बाटलीत गेल्यावरही आंबतच राहते; ते कोणाच्या घरी, किती उष्णतेत, किती दिवस पडून राहील यावर आमचा ताबा नव्हता, आणि त्या काळात त्यात वायूइतकेच अल्कोहोलही वाढू शकते. उत्पन्नाचा मोठा भाग त्या निर्णयाने गेला. ग्राहकांना आम्ही आता एवढेच सांगतो, की दाब सहन करणारी गोल, जाड बाटली घ्यावी, कारण चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो. वर तीन-चार बोटे जागा सोडावी. आणि अंदाज येईपर्यंत एक प्लास्टिकची बाटली सोबत भरून ठेवावी. ती दाबून कडक लागली की सगळ्याच बाटल्या थंड करायच्या.

बरणीला वास येणे आणि वर काही साचणे या तक्रारी नियमित येतात. सडक्या अंड्यासारखा वास बहुधा यीस्टवर ताण आल्याने येणाऱ्या गंधकयुक्त वायूचा असतो. दाणे धुऊन, फेरी छोटी करून आणि खोली थोडी थंड ठेवून तो बहुतेकदा जातो. गंधकाची प्रक्रिया केलेला सुकामेवा मात्र टाळावा, कारण तो सूक्ष्मजीवांना बाधतो. वर पांढरा, पातळ, सपाट पापुद्रा आला तर तो सहसा हवेतल्या यीस्टचा असतो आणि काढून टाकता येतो. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर पेय आणि दाणे दोन्ही फेकून द्यावे आणि बरणी कढत पाण्याने धुवावी. इथे आम्ही कोणालाही धुऊन वापरण्याचा सल्ला देत नाही आणि छायाचित्र पाठवल्यास नवे दाणे विनामूल्य देतो.

दाणे पाठवण्याचीही एक अडचण होती. ओले दाणे वाटेत आंबत राहत, पाकीट फुगे आणि एकदा तर माल पोचवणाऱ्या कंपनीने उन्हात ठेवलेल्या खोक्यातली सगळी पाकिटे फुटून आली. म्हणून आम्ही वाळवलेल्या दाण्यांकडे वळलो. धुऊन, कागदावर पसरून, सावलीत तीन ते पाच दिवस ठेवले की त्यांचे टणक, पिवळसर खडे होतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. ते साखरेच्या पाण्यात तीन-चार दिवसांत फुगतात, पण पूर्ण ताकदीला यायला आणखी काही फेऱ्या घेतात. पहिल्या आठवड्यात निराश होऊन फोन करणाऱ्यांशी आम्ही सावकाश बोलतो, कारण याच टप्प्यावर बहुतेक जण दाणे फेकून देतात.

गेल्या वर्षी आमची स्वतःची मूळ बरणीच बसली. पाणी बदलले होते आणि ते आमच्या लक्षात यायला उशीर झाला. दाणे आधी मऊ पडले, मग त्यांना आंबूस, न आवडणारा वास येऊ लागला आणि चार फेऱ्यांतही ते सावरले नाहीत. तेव्हा आम्ही त्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे आमच्याच दाण्यांची मोठी बरणी भरून होती. त्यांनी दोन वाट्या दाणे पाठवले आणि सोबत चिठ्ठी लिहिली: पाव चमचा काकवी, त्याहून जास्त नको. आज विकले जाणारे दाणे त्यांच्याकडून परत आलेल्या दाण्यांपासून वाढलेले आहेत. तेव्हापासून दर तिमाहीला आम्ही थोडे दाणे वाळवून, तारीख लिहून बाजूला ठेवतो आणि एक पुडी त्यांच्याकडेही ठेवायला देतो.