लाईट गेली आणि स्कोन तव्यावर आले

मी आयुष्यात पहिल्यांदा स्कोन केले ते जळगावात, मे महिन्यात, दुपारी साडेतीन वाजता. ज्यांना जळगावचा मे माहितीये त्यांना काय चुकलं ते इथेच कळलं असेल, बाकीच्यांसाठी पुढचं लिहितेय.

झालं असं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदेची लेक आजोळी आली होती. ती प्लिमथला शिकते, म्हणजे इंग्लंडच्या पार खालच्या कोपऱ्यात, डेव्हन नावाच्या भागात. घरात रस, मांडे, सांजोऱ्या सगळं चाललेलं, आणि ही मला म्हणते मामी, मी तुम्हाला तिकडचे स्कोन खाऊ घालते. ती म्हणते स्कॉन, मी म्हणते स्कोन. तिकडेही म्हणे यावरून लोक भांडतात आणि दोन्ही चालतं, त्यामुळे मी माझं बदललेलं नाही. (शिवाय स्कॉटलंडमध्ये याच स्पेलिंगचं एक गाव आहे आणि त्याला म्हणतात स्कून. आता बोला.)

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते, स्कोन म्हणजे ना धड केक ना धड बिस्कीट ना धड पाव. मैदा, थोडं बटर, थोडी साखर, बेकिंग पावडर, दूध, हवे तर मनुके. वरून जरा कडक, आतून मऊ, मधोमध हाताने उघडायचा, त्यात क्रीम आणि जाम घालायचा आणि चहाबरोबर खायचा. अंडं लागतच नाही, आणि आमच्या घरात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवायला लावतात.

बेकिंग पावडरची गोष्ट मला फार आवडली. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता, त्याच्या बायकोला अंडी पण सोसायची नाहीत आणि यीस्ट पण. म्हणून त्याने 1837 मध्ये तिच्यासाठी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली आणि 1843 मध्ये यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर केली. म्हणजे आपण उन्हाळ्यात फ्रूट सॅलड करायला जो कस्टर्डचा डबा काढतो तो आणि त्याच्या शेजारचा बेकिंग पावडरचा डबा, दोन्हींचं मूळ एकाच माणसाच्या एकाच बायकोच्या पोटदुखीत. मी हे आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चांगला होता माणूस.

तर पहिला घाणा. भाचीने सांगितलं थंडगार बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं दिसलं की थांबायचं. मी म्हटलं हे तर आपलं मोहन घालणं झालं, शंकरपाळ्यांना घालतो तसं, त्यात काय शिकवायचं. बटर काढलं, कट्ट्यावर ठेवलं, मैदा चाळेपर्यंत त्याचे कोपरे गोल झाले आणि चोळायला घेतलं तेव्हा हाताला नुसतं तेल. बाहेर चव्वेचाळीस, स्वयंपाकघरात ओव्हन तापत ठेवलेला, वर पंखा बंद कारण मैदा उडतो. मी मस्त मुटका वळून दाखवला, मोहन कसं बरोबर पडलंय म्हणून. भाचीचं तोंड बघण्यासारखं झालं.

कारण मुटका वळला जाणं हेच स्कोनला नको असतं. आपलं मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते. स्कोनमध्ये बटरचे छोटे छोटे तुकडे तसेच राहिले पाहिजेत, मग ते ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि ते होते तिथे पापुद्रे सुटतात. बटर आधीच वितळलं की पापुद्रे बिपुद्रे विसरा, नानकटाई होते. माझी नानकटाईच झाली, पण बरी नानकटाई पण नाही, कारण मी वरून ते मळलं.

मळलं म्हणजे काय, आयुष्यभर मळतेय, हात थांबेल का. त्यातून मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईंनी मला मांडे शिकवले. मांड्याचं पीठ कसं असतं, ते तिंबून तिंबून, आपटून आपटून त्याला असा ताण आणायचा की दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ते कोपरापर्यंत पसरलं पाहिजे आणि तरी फाटता कामा नये, मग ते उलट्या खापरावर टाकायचं. तिकडे पिठाला चिवटपणा आला नाही तर मांडा नाही, आणि इकडे चिवटपणा आला की स्कोन नाही. पाणी, दूध लागून मैदा जितका मळू तितका तो ताणतो, आणि ताणला की स्कोन फुगायच्या ऐवजी आखडून बसतो. स्कोनचं पीठ नुसतं सुरीने कालवायचं, गोळा होतोय न होतोय तोवर ओट्यावर काढायचं, दोनदा घडी घालायची, थापायचं, बस. दिसायला ते अगदी गबाळं दिसतं. आई मागून बघत होत्या त्यांना राहवेना, म्हणाल्या, "इतलं कोरडं? कोनी मळं हाई?" आता आई, मळायचं नाही असं मी वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना म्हटलं.

आणि तिसरी चूक म्हणजे बेकिंग पावडर गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीची. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघायची, फसफसून फेस आला तर चांगली, नुसतीच दुधाळ होऊन बसली तर फेकून द्या. माझी बसली. हे आधी केलं असतं तर मैदा वाचला असता.

ते स्कोन आमच्या ह्यांनी चहात बुडवून खाल्ले आणि छान झालेत म्हणाले. ह्यांच्या "छान"ला काही अर्थ नसतो.

दुसऱ्यांदा आम्ही नीट तयारी केली. रात्री बटर फ्रीझरमध्ये टाकलं, मैद्याचं पातेलंसुद्धा फ्रीजमध्ये, आणि पहाटे साडेपाचला उठलो. भाची डोळे चोळत, मी ओट्याशी. फ्रीझरमधलं दगडासारखं बटर सरळ किसणीवर किसलं मैद्यात, अधूनमधून मैद्यात घोळवत, हाताची ऊब जवळजवळ लागूच दिली नाही. ही किसणीची युक्ती ज्याने काढली त्याचं भलं होवो, आमच्या हवेत दुसरा इलाजच नाही. प्रमाण सांगते: मैदा 250 ग्रॅम, बटर 60 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच चहाचे चमचे, मूठभर मनुके, आणि दूध साधारण 130 मिली पण सगळं एकदम ओतू नका, मैदा कधी जास्त पितो कधी कमी. बटर आपलं नेहमीचं खारं असेल तर वेगळं मीठ नको. दुधात चमचाभर लिंबू पिळून पाच मिनिटं ठेवलं तर अजून हलके होतात.

थापताना इंचभर जाड ठेवायचं, पातळ लाटलं तर वर यायला त्यात काही उरतच नाही. आणि कापणं. पहिल्या वेळी मी स्टीलच्या ग्लासने कापले, आणि ग्लास दाबून असा गर्रकन पिरगाळला, पुऱ्या पाडतो तसा. त्याने कडा चेपून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो, माझे सगळे पडक्या भिंतीसारखे कललेले. यावेळी गोल थापून धारदार सुरीने सरळ आठ तिकोनी तुकडे केले, सुरी वरून खाली, ओढायची नाही. वरून दुधाचा हात फिरवायचा तोही फक्त वरच, कडेला ओघळलं तर तिथे चिकटून बसतं. ओव्हन 220 वर, चांगला तापलेला, आणि तुकडे एकमेकांना लागून लागून ठेवायचे म्हणजे ते पसरायच्या ऐवजी वर येतात. बारा ते चौदा मिनिटं.

सहाव्या मिनिटाला लाईट गेली.

मी ओव्हनच्या काचेतून बघतेय, आतला दिवा विझलेला, मोबाईलच्या उजेडात दिसतंय की फुगलेत, मस्त फुगलेत, पण वरून पांढरे फटक. पाच मिनिटं वाट बघितली. दहा मिनिटं बघितली. भाची म्हणाली आता गेलं, आता हे बसणार. आई देवपूजा अर्धी टाकून आल्या, एक तुकडा उचलला, खालून दाबून बघितला, "आखो वल्लं शे. लाईटना भरोसा शे का? आन तो तवा."

बिडाचा तवा, भाकरीचा, ठेवला बारीक गॅसवर. वर तुपाचं नुसतं बोट. तुकडे मांडले, वर परात पालथी घातली, चार-पाच मिनिटांनी उलटले, मग कडा उभ्या करून करून भाजल्या, बट्टी (वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे) भाजतात तशा, चिमट्याने नाही बोटांनीच, आईंच्या बोटांना चटका लागत नाही हे मी आता मान्य केलंय. दोन्ही बाजूंनी तपकिरी डाग पडले, घरभर बटरचा आणि खमंग मैद्याचा वास. एक उघडला तर आत पापुद्रे, मऊ, वाफ निघतेय. ओव्हनमधल्यासारखा सोनेरी नव्हता, पण मला विचाराल तर चवीला जास्त चांगला होता, कारण भाजल्याची चव होती.

आई म्हणाल्या, "हाई ते गोड बट्टी शे."

भाची हसून हसून पडली, पण नंतर तीच मोबाईलवर वाचून म्हणाली मामी, आजी बरोबर बोलतेय. स्कोन मुळात स्कॉटलंडचा, आणि तिथे आधी तो ओव्हनमध्ये करतच नव्हते, ओटच्या पिठाचा मोठा गोल थापायचा, त्याचे तिकोनी तुकडे करायचे आणि चुलीवरच्या सपाट लोखंडी तव्यावर भाजायचे. ओव्हन घरोघरी आले, बेकिंग पावडर आली, मग हा फुगलेला उंच स्कोन आला. म्हणजे मी दोन दिवस ओव्हनच्या नावाने रडत होते आणि मूळ वस्तू आमच्या भाकरीच्या तव्यावर झाली. तेव्हापासून मी ओव्हन लावतच नाही. तव्यावर करायचे तर फक्त जाडी निम्मी ठेवा, अर्ध्या इंचाच्या जरा वर, नाहीतर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. गॅस एकदम बारीक. घाई केली की वाट लागते.

आता वर काय लावायचं. तिकडे लावतात ते क्लॉटेड क्रीम, त्याची कृती भाचीने सांगितली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. दूध पसरट भांड्यात मंद तापवायचं, तासन्‌तास, मग न हलवता गार करायचं, वर जाड थर येतो तो काढून घ्यायचा. अगं बाई, ही साय! कॉर्नवॉलवाल्यांची म्हणे निदान 55 टक्के फॅटची असावी लागते तरच त्यांना ते नाव लावता येतं. आपली म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची जमवलेली साय किती टक्के असते मला माहीत नाही, पण चमचा उभा राहतो त्यात.

आणि जाम आधी की क्रीम आधी, हा तिकडचा मोठा तंटा. डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जाम, नदी ओलांडून कॉर्नवॉलमध्ये गेलं की आधी जाम मग क्रीम, आणि प्लिमथ बरोबर त्या टॅमर नदीच्या काठावर, म्हणजे भाची रोज सीमेवर राहते. मला हे हास्यास्पद वाटणार होतं पण मग आठवलं आमच्याकडे वरण-बट्टीची बट्टी उकडून तळायची की गोवऱ्यांत भाजायची यावरून लग्नाच्या बैठकीत काय काय ऐकलंय. आईंनी काही न विचारता आधी साय लावली, वर जाम. डेव्हनच्या निघाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या साय खाली असली की जाम पिठात मुरत नाही. याहून सरळ कारण मी अजून वाचलेलं नाही.

जाम मात्र आमचा. स्ट्रॉबेरीचा आणायला गेले नाही, घरात केळ्याची फणी काळी पडायला लागलेली, यावलहून आलेली, खाणार कोण इतकी. चार केळी कुस्करून, अर्धी वाटी साखर, एका लिंबाचा रस, जरा वेलची, जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत आटवलं. लिंबू टाळू नका, नाहीतर रंग मातकट येतो आणि गोडमिट्ट लागतं. केळं पिठातच घालून बघायचा शहाणपणा पण मी एकदा केला, पीठ इतकं ओलं झालं की भजी तळावी लागली. भजी चांगली झाली.

दादर ज्वारीच्या पिठाचा पण प्रयोग झाला, पाव भाग दादर आणि बाकी मैदा. उचलताना तुटतात पण चव छान, भाकरीसारखा एक गोडवा येतो, साखर कमी लागते. अर्धी कणीक घातली तर दूध जास्त लागतं आणि स्कोन जड होतो, मला नाही आवडला, ह्यांना आवडला. ह्यांचं वर सांगितलंच.

भाची जूनमध्ये परत गेली. जाताना मी डबा भरून देणार होते तर म्हणाली मामी ते त्याच दिवशी खायचे असतात, दुसऱ्या दिवशी दगड. खरंय ते. उरलेच तर तव्यावर झाकण ठेवून परत गरम करा, पण आमच्याकडे उरत नाहीत, कारण चार वाजले की आई स्वतःच तवा चढवून विचारतात, "बट्टी करी ऱ्हायनी ना व आज?" आणि त्यासाठी सायीची एक वाटी फ्रीजमध्ये मागे, लोणच्याच्या बरणीआड वेगळी ठेवलेली असते, तिला हात लावायचा नाही. मागच्या महिन्यात लोणी कढवायला घेतलं तर तूप निम्मंच निघालं. ह्यांनी विचारलं दूधवाला पाणी घालतोय का, आईंनी मान हलवली, घालत असेल म्हणाल्या.