फ्रेम टाकण्याआधी ती पालथी करा

जुन्या फ्रेमचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी जुनी तसबीर पेपरात गुंडाळून दुकानात आणतं, काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "फोटो मोबाइलमध्ये काढून घेतलाय. आता ही फ्रेम टाकली तर चालेल ना?" घर रंगवायला काढलेलं असतं, नाहीतर वाडा पाडून फ्लॅट होणार असतात, नाहीतर वाटण्या झालेल्या असतात आणि आजोबा कुणाच्याच नव्या भिंतीवर मावत नसतात. विचारताना आवाज जरा खाली आलेला असतो. मी 'चालेल' म्हणावं, एवढीच अपेक्षा असते. मी तसं म्हणत नाही. आधी फ्रेम पालथी घालते.

सांगलीतलं आमचं फ्रेमचं दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. शाळेतून आल्यावर पट्ट्यांचे उरलेले तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवणं हे माझं काम होतं. ४५ अंशांचा काप, गुण्या, काच कापायची हिरकणी, सरसाचा वास, यातच मी वाढले. तेव्हा गिऱ्हाईक 'फ्रेम करून द्या' म्हणत नसे, 'फोटो मढवून द्या' म्हणत असे. हा शब्द मला फार आवडतो. मृदंग मढवतात, देव्हारा चांदीनं मढवतात, तसाच घरातल्या माणसाचा चेहरा मढवायचा. आता म्हातारी माणसंच असं बोलतात, आणि ऐकलं की मला बरं वाटतं.

जुन्या फ्रेमची पाठ उघडायला मी घाई करत नाही. वरचा खाकी कागद बोट लावलं तरी तुटतो. मग गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पकडीनं एकेक काढायच्या. त्याखाली पुष्कळदा चहाच्या खोक्याची पातळ फळी निघते, तिच्यावर छापलेली अर्धीमुर्धी अक्षरं असतात. फळी उचलली की फोटोच्या पाठीला टेकलेला वर्तमानपत्राचा कागद. पोकळी भरायला जो हाताशी असेल तो पेपर कारागीर घडी करून घालत. तारखेचा कोपरा शाबूत असला, तर फोटो कधी मढवला ते कळतं. घरचे सांगतात, हा आजोबांच्या लग्नानंतरचा फोटो. पेपर निघतो वीस-बावीस वर्षांनंतरचा. मग इतकी वर्षं फोटो ट्रंकेत होता, तो त्याच साली का बाहेर काढला? समोरचा माणूस बोटांवर वर्षं मोजतो, आणि पुष्कळदा त्याचं त्यालाच उमगतं: त्याच साली ते गेले. मोबाइलमध्ये काढलेल्या फोटोत हा पेपर येत नाही.

बायकांचे फोटो उघडताना तर मी जास्तच जपते. पूर्वी पुष्कळ बायकांचा एकटीचा फोटो कधी काढलेलाच नसे. बाई गेली की घरचे लग्नातला नाहीतर मुंजीतला ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत जायचे. तिथं तेवढा चेहरा मोठा करून घ्यायचे, आणि रंगवणारा पेंटर ब्रशनं पदर, काठ, कुंकू, कधी नथसुद्धा काढायचा. माझ्या आजीचा फोटो असाच आहे. तिच्या डाव्या खांद्यावर पदराची एक चुणी विनाकारण जाड दिसते. काच काढून तिरप्या उजेडात बघितलं तेव्हा कळलं, त्या चुणीखाली कुणाची तरी चार बोटं आहेत. ग्रुपमध्ये शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि पेंटरनं तो नीट झाकला. मूळ ग्रुप फोटो आता कुणाकडेच नाही. तो हात तिच्या बहिणीचा असावा, असं मी धरून चालते.

आणि हे सगळं फोटोंपुरतंच नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघर गेली. चित्र सगळीकडे एकच, पण कितीतरी घरांतल्या बायकांनी त्या छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी चिकटवली, जरीचे काठ लावले, मुकुटावर टिकल्या नि मणी बसवले आणि मग ती काचेत घातली. असं चित्र हातात आलं की मी जरीचा धागासुद्धा हलू देत नाही. कुणाच्या तरी रिकाम्या दुपारी त्यात बसवलेल्या आहेत. ते 'साफ करून' द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी भांडलेही आहे.

थोडं कामाचंही सांगते. काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढून काढू नका. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यातली ओल लागली की तो फुगतो आणि काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि हातात नुसता कागद येईल. काचेसकटच चांगल्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा आणि काच तशीच राहू द्या. नवीन करताना माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, जरूर लावा, म्हणजे फोटो आणि काच यांत फट राहते. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीची ओल आत जात नाही. कसरही कमी लागते. रंगीत फोटोवर थेट ऊन नको.

आता एका फ्रेममधल्या दोन पोपटांचं सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर लोक आमच्याकडे गाळानं भरलेल्या फ्रेम घेऊन यायला लागले. ओले फोटो सुकू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवून आणा, असं मी येईल त्याला सांगत होते. एकदा सुकले की ते सुटत नाहीत. त्या गर्दीत एक आजी सुनेबरोबर आल्या. पिशवीत भरतकामाची फ्रेम होती. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं भरलेले दोन पोपट, समोरासमोर, मधे डाळिंबाची फांदी. चोचींच्या लाल दोऱ्याचा रंग उतरून कापडावर पसरला होता. सून म्हणाली, "याचं काही होणार नसेल तर राहू दे, सगळं घरच धुऊन काढायचंय." आजी काही बोलल्या नाहीत.

मागचा हार्डबोर्ड फुगून पापडासारखा सुटत होता. तो काढला, कापडाच्या कडेच्या चुका सोडवल्या आणि कापड पालथं करून टेबलावर पसरलं. पुढून दोन्ही पोपट अगदी सारखे होते. मागून एक पोपट पुढच्यासारखाच स्वच्छ, प्रत्येक दोरा जागच्या जागी संपवलेला. दुसऱ्याच्या पाठीवर नुसता गुंता, पंखातून ओढत शेपटीपर्यंत नेलेले दोरे, गाठींवर गाठी. आजी पुढं झाल्या आणि त्यांनी नीटस पोपटावर बोट ठेवलं.

"हा आईचा. तो माझा. मला येत नव्हतं, रडले होते. तेव्हा आई म्हणाली, तू एक भर, मी एक भरते, कुणाला कळणार नाही."

सुनेला हे ठाऊक नव्हतं. तीस वर्षं ती त्याच फ्रेमवरची धूळ पुसत होती.

कापड गार पाण्यातून दोनदा काढलं, पंच्यावर सपाट पसरून सावलीत वाळवलं. गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. जुन्या सागवानी पट्टीचे तीन कोपरे शाबूत होते, चौथ्यात तुकडा जोडावा लागला. हार्डबोर्ड मात्र मी लावला नाही. दोन्ही बाजूंनी काच घातली, कापड काचेला टेकू नये म्हणून आत चारी बाजूंनी लाकडाची बारीक पट्टी फिरवली आणि फ्रेम टेबलावर उभी राहील असा पाय केला.

न्यायला आल्या तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, यातली पुढची बाजू कुठली धरायची?" आजींनी फ्रेम हातात घेतली, गाठींची बाजू स्वतःकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिल्या. खिडकीपासून लांब ठेवा, एवढंच मी सांगितलं.