अंबडच्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबोट रुळवताना

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात वाहनांचे ब्रॅकेट, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणारे पत्र्याचे आधार, तयार होतात. वेल्डिंगसाठी सहा अक्षांचा रोबोट घेण्याचे ठरले, तेव्हा तो बसवून चालता करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आठवड्याभरात उत्पादन सुरू होईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तीन महिने लागले.

रोबोटला शिकवणे त्यातल्या त्यात सोपे होते. टीच पेंडंट, म्हणजे रोबोट चालवण्याचा हातातला नियंत्रक, घेऊन वेल्डिंग करणाऱ्या टॉर्चचे टोक एकेका बिंदूवर न्यायचे आणि तो बिंदू साठवायचा. या अवस्थेत टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही, आणि पेंडंटमागचे बटण हातातून सुटले तरी यंत्र थांबते, भीतीने घट्ट आवळले गेले तरी थांबते. दचकलेल्या माणसाचा हात काय करतो याचा एवढा विचार कोणीतरी केला आहे, हे पाहून मला त्या बटणाविषयी आदर वाटला.

अडचण आली ती जॉबमध्ये, म्हणजे वेल्ड करायच्या ब्रॅकेटमध्ये. १९६१ मध्ये जनरल मोटर्सने वापरात आणलेल्या युनिमेट या पहिल्या औद्योगिक रोबोटपासून रोबोटचा मूळ स्वभाव तोच आहे: शिकवलेली हालचाल तो चोख पुन्हा करतो, पण वेगळा सेन्सर जोडल्याखेरीज समोर काय आले आहे हे त्याला कळत नाही. आमच्या रोबोटला असा सेन्सर नव्हता. पत्र्याची जाडी आणि कठीणपणा प्रत्येक लॉटमध्ये थोडा बदलतो, त्यामुळे वाकवल्यानंतर तो कमीअधिक परत सरळ होतो आणि सांध्यात कधी मिलिमीटरभर फट राहते. आमचे ज्येष्ठ वेल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, अशी फट दिसताच हात मंद करून ती भरून काढत. रोबोटने मात्र जॉबला भोक पाडले. पत्रा वाकवणाऱ्या प्रेस विभागाच्या चुका मामांचा हात इतकी वर्षे निमूटपणे झाकत होता, हे मला तेव्हा उमगले. आम्ही वाकवण्याचे कोन तपासले, जॉब पकडून ठेवणारे नवे फिक्स्चर केले आणि मगच रोबोटकडे परतलो.

तपासणीसाठी कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेतली होती. तिला शिकवण्यासाठी चांगल्या जॉबचे फोटो हवे तेवढे होते, सदोष जॉबचे मोजकेच. शिवाय दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की चकाकणारे चांगले सांधेही ती नाकारू लागली. कॅमेऱ्याभोवती बंद पेटी करून आत स्वतंत्र दिवा लावल्यावर ते थांबले. कोणता फोटो सदोष म्हणायचा, हा निर्णय माझा नव्हता. मी एका बारीक छिद्राचा फोटो बाजूला काढला, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगप्रमाणे एवढं छिद्र चालतं. हा दुसरा बघा, टाक्याच्या कडेला पत्रा खाल्ला गेलाय. हा इथूनच तुटणार." त्यांनी पंधरा दिवस रोज तासभर बसून फोटोंची वर्गवारी केली.

कॅमेऱ्याला पृष्ठभागच दिसतो. वेल्डिंगचा टाका पत्र्यात किती खोल उतरला, हे दिसत नाही. म्हणून आजही प्रत्येक पाळीत एक जॉब कापून, घासून, आम्ल लावून आम्ही पाहतो. ते काम मामांकडे आहे, आणि रोबोटचे बिंदू दुरुस्त करण्याचेही. नोंदवहीत त्यांचा हुद्दा अजून 'वेल्डर' आहे. तो आणि त्यासोबतचा पगार बदलावा, असा लेखी प्रस्ताव मी मालकांकडे दिला आहे.